लिनक्स मिंटवर सॉफ्टवेअर आणि कोडेक्स बसवताना: आधी काय, मग काय

नवीन मिंट घेतलेल्या माणसाचा पहिला फोन बहुतेक वेळा एकाच तक्रारीचा असतो: व्हिडिओचा आवाज येतो, चित्र येत नाही. फोन करण्याआधी त्याने ब्राउझरमध्ये ‘फ्री कोडेक’ (कोडेक म्हणजे व्हिडिओ-गाण्याची फाइल उलगडून दाखवणारा भाग) शोधलेलं असतं, दोन-तीन साइटवरून काहीतरी उतरवलेलं असतं आणि कुठेतरी वाचलेल्या चार ओळी टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवलेल्या असतात. मूळ दुखणं पाच मिनिटांचं असतं. मधला हा उद्योग निस्तरायला तास-दीड तास जातो.

विंडोजची सवय इथे आडवी येते. हवं ते ब्राउझरमधून शोधायचं, उतरवायचं, ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करत सुटायचं. मिंटवर ब्राउझर हे पहिलं दार नाही. त्याच्या आधी दोन दारं आहेत आणि ती ठरलेल्या क्रमाने ठोठावायची असतात. हा लेख मिंट २२ मालिकेच्या सिनॅमन आवृत्तीवर बेतला आहे. माटे आणि एक्सएफसीई या मिंटच्या दुसऱ्या डेस्कटॉपांवर एखाद-दुसऱ्या मेनूचं नाव बदलतं, क्रम तोच.

टर्मिनलच्या आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं छोटी ठेवून टाइप करायच्या. पण बहुतेक काम माउसनेच होतं, आणि नवशिक्याने ते माउसनेच करावं असं माझं मत आहे.

## १. बसवण्याआधी चार गोष्टी पाहा

पहिली गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण हे घडतं. तुम्ही खरंच इन्स्टॉल केलेल्या मिंटमध्ये आहात का? पेनड्राइव्हवरून मिंट चालू केलं की पूर्ण डेस्कटॉप दिसतो, सॉफ्टवेअरही बसतं आणि मशीन बंद केलं की सगळं पुसलं जातं. डेस्कटॉपवर ‘इन्स्टॉल लिनक्स मिंट’ नावाचं चित्र दिसत असेल तर तुम्ही अजून पेनड्राइव्हवरच आहात. एका ओळखीच्याने सलग तीन दिवस रोज संध्याकाळी तेच प्लेअर बसवले आणि रोज सकाळी मिंटला शिव्या घातल्या.

दुसरी, आवृत्ती. मेनूत ‘सिस्टिम इन्फो’ उघडा. तिथे मिंटचा आकडा दिसेल. तो कागदावर लिहून ठेवा, कारण पुढे कुणाची मदत घ्याल तेव्हा पहिला प्रश्न तोच येईल. मिंट २२ मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे, २१ मालिका उबुंटू २२.०४ वर. बाहेरून एखादी फाइल घ्यायची वेळ आली की हीच जोडी उपयोगी पडते. तुमच्याकडे एलएमडीई ही मिंटची वेगळी आवृत्ती असेल तर तिचा पाया डेबियन या लिनक्सचा आहे, त्यामुळे उबुंटूसाठीच्या सूचना तिथे जशाच्या तशा लावू नका.

तिसरी, मोकळी जागा. मिंटच्या मुख्य पार्टिशनवर निदान १५-२० जीबी मोकळी हवी. पॅकेज (मिंटवर सॉफ्टवेअर ज्या गठ्ठ्यांत येतं ते) बसत असताना जागा संपली तर काम अर्धवट तुटतं, आणि तो सगळ्यात कटकटीचा बिघाड.

चौथी, घड्याळ. मदरबोर्डवरची बॅटरी संपलेल्या जुन्या मशीनवर तारीख मागे गेलेली असते. मग अपडेट करताना ‘रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट’ असा मजकूर येतो आणि माणूस नेटला दोष देत बसतो. तारीख-वेळ बरोबर केली की तो मजकूर जातो.

## २. आधी स्नॅपशॉट, मग बाकी सगळं

प्रणालीचा स्नॅपशॉट, म्हणजे आत्ताच्या स्थितीची प्रत, काढून ठेवणारं टाइमशिफ्ट मिंटमध्ये आधीपासून असतं. मेनूत शोधा, उघडा, पासवर्ड द्या. प्रकार विचारेल तेव्हा ‘आरसिंक’ निवडा, जागा निवडा, ‘क्रिएट’ दाबा. पहिला स्नॅपशॉट काही जीबीचा होतो आणि वेळ खातो. पुढचे फक्त बदललेल्या फाइलींपुरते असतात.

इथे लोक दोन ठिकाणी चुकतात. विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह जोडतात आणि तो यादीत का चालत नाही म्हणून गोंधळतात. आरसिंक प्रकाराला लिनक्सची फाइलसिस्टिम लागते, म्हणजे ईएक्सटी४ वगैरे. दुसरं म्हणजे, टाइमशिफ्टलाच फोटोंचा बॅकअप समजतात. मूळ सेटिंगमध्ये तो तुमचं होम फोल्डर वगळतो. प्रणाली बिघडली तर ती मागे नेणं एवढंच त्याचं काम. फोटो-कागदपत्रांची प्रत वेगळी काढायची.

तपासा: टाइमशिफ्टच्या यादीत आजच्या तारखेची एक ओळ दिसायला हवी. दिसली नाही तर पुढे जाऊ नका.

## ३. मिरर आणि अपडेट

पॅनेलवर ढालीचं चित्र असतं, तो अपडेट मॅनेजर. पहिल्यांदा उघडल्यावर तो जवळचा मिरर निवडायचा का, असं विचारतो. मिरर म्हणजे त्याच पॅकेजांची प्रत ठेवलेला दुसरा सर्व्हर. ‘येस’ म्हणा. दोन ओळी दिसतील, ‘मेन’ आणि ‘बेस’. मेन म्हणजे मिंटची स्वतःची पॅकेजं, बेस म्हणजे उबुंटूकडून येणारी. दोन्हींवर क्लिक करायचं असतं. प्रत्येक वेळी मिररांची यादी वेगासह उघडते, वरच्यापैकी एक निवडा. अनेक जण फक्त मेन बदलतात आणि मग डाउनलोड अजून संथ का, असं विचारतात. पॅकेजांचा मोठा हिस्सा बेसमधूनच येतो.

बदल केल्यावर पॅकेजांची यादी ताजी करायची का, असं विचारलं जाईल. ते टाळू नका. मग अपडेट मॅनेजरमध्ये परत येऊन ‘रिफ्रेश’ आणि नंतर ‘इन्स्टॉल अपडेट्स’. अपडेट मॅनेजरची स्वतःचीच नवी आवृत्ती आली असेल तर तो आधी ती एकटीच बसवायला सांगतो. ती बसवा, मग बाकीची यादी येईल.

कर्नलचं, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचं, अपडेट असेल तर शेवटी रीस्टार्ट सुचवलं जातं. आत्ताच करा. ‘कोडेक्स बसवतो आणि मग करतो’ असं म्हणू नका.

थांबा: अपडेट चालू असताना सॉफ्टवेअर मॅनेजर, सिनॅप्टिक (पॅकेजं बसवायचं आणखी एक साधन) किंवा टर्मिनलमधून दुसरं काही बसवू नका. पॅकेजांचं दार एका वेळी एकालाच उघडतं. दुसरा आला की कुलूप लागल्याची तक्रार करतो. त्या तक्रारीचं काय करायचं ते पुढे येईलच.

## ४. कोडेक्स

आधी एक गैरसमज काढून टाकू, कारण निम्मी धावपळ त्यातून होते. एमपी४, एमकेव्ही ही डब्यांची नावं आहेत. आतला माल वेगळा असतो: चित्रासाठी एच.२६४, एच.२६५ किंवा एव्ही१. आवाजासाठी एएसी, एमपी३, ओपस. एक एमपी४ चालते आणि दुसरी चालत नाही, याचं कारण सहसा हेच. डबा सारखा, माल वेगळा. ‘एमपी४चा कोडेक’ शोधत बसलात तर काही हाती लागणार नाही.

### बसवायची पायरी

मिंट इन्स्टॉल करतानाच ‘इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स’ नावाचा चौकोन समोर येतो. तिथे टिक केली असेल आणि तेव्हा नेट जोडलेलं असेल तर काम झालेलं आहे. नेट नसताना टिक केली असेल किंवा चौकोन सोडून दिला असेल, तर आता असं करा.

मेनू उघडा, ‘साऊंड अँड व्हिडिओ’ गटात जा (एक्सएफसीईमध्ये हाच गट ‘मल्टिमीडिया’ नावाने असतो), ‘इन्स्टॉल मल्टिमीडिया कोडेक्स’ वर क्लिक करा. काय काय बसणार त्याची माहिती येईल. होकार द्या, पासवर्ड द्या आणि खिडकी आपणहून संपेपर्यंत तिला हात लावू नका.

टर्मिनलमधून करायचं तर पॅकेजचं नाव मिंट-मेटा-कोडेक्स. मधली दोन्ही चिन्हं साध्या आडव्या रेघा, शेवटचा शब्द सी-ओ-डी-ई-सी-एस. आज्ञा अशी: सुडो ॲप्ट इन्स्टॉल, आणि पुढे हे नाव. उबुंटूवर असाल तर तिथला गठ्ठा वेगळा आहे, उबुंटू-रिस्ट्रिक्टेड-एक्स्ट्राज. मिंटवर त्याची गरज नाही. दोन्ही बसवल्याने दुप्पट कोडेक्स मिळत नाहीत.

थांबा: मायक्रोसॉफ्टचे फॉन्ट बसवणारं पॅकेज गठ्ठ्यात असेल, तर टर्मिनलमध्ये मध्येच परवान्याचा मजकूर असलेला पडदा येतो. खाली ‘ओके’ दिसतं, पण माउस चालत नाही आणि एंटरनेही काही होत नाही. इथे घाबरून खिडकी बंद करणाऱ्यांची संख्या बरीच आहे. टॅब दाबा, ‘ओके’ रंगीत होईल, मग एंटर. पुढच्या पडद्यावर डाव्या-उजव्या बाणाने ‘येस’ निवडायचं. खिडकी बंद केलीत तर पॅकेज अर्धवट लटकतं.

### बसले का, हे कसं कळणार

ज्या फाइलवरून ही सगळी धावाधाव सुरू झाली तीच घ्या. मिंटचा नेहमीचा व्हिडिओ प्लेअर सेल्युलॉइड. त्यात फाइल चालवा. मग व्हीएलसी बसवून त्यातही चालवा. व्हीएलसीमध्ये फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे एकत्र दाबा. छोटी खिडकी उघडेल आणि त्यात प्रत्येक धाग्याची माहिती दिसेल. चित्राच्या ओळीत ‘एच२६४ – एमपीईजी-४ एव्हीसी’ किंवा ‘एमपीईजी-एच पार्ट२/एचईव्हीसी (एच.२६५)’ असं काही असेल, आवाजाच्या ओळीत ‘एमपीईजी एएसी ऑडिओ’ सारखं. डब्यातला माल तो हाच. मदत मागताना ‘व्हिडिओ चालत नाही’ ऐवजी या दोन ओळी सांगितल्या की समोरचा माणूस लगेच मुद्द्यावर येतो.

आता निकाल वाचायचा कसा?

दोन्ही प्लेअरमध्ये फाइल नीट चालते, पण ऱ्हिदमबॉक्स या गाण्यांच्या प्लेअरसारख्या दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये चालत नाही, असं झालं तर तो प्रोग्रॅम जीस्ट्रीमर नावाची वेगळी यंत्रणा वापरतो आणि नवे कोडेक्स त्याच्या नजरेस पडलेले नाहीत. आधी तो पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. तरीही नाही तर होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबून लपलेली फोल्डर दाखवा, डॉट-कॅश फोल्डरात जा आणि जीस्ट्रीमर-१.० हे फोल्डर काढून टाका. ती फक्त साठवलेली यादी असते, पुढच्या वेळी नव्याने बनते.

दोन्हींतही चालत नाही, तर फाइलवर संशय घ्या. अर्धवट उतरलेली किंवा मेमरी कार्डावरून कॉपी होताना तुटलेली फाइल जगातल्या कुठल्याही कोडेकने चालणार नाही. दुसरी एखादी खात्रीची फाइल लावून पाहा.

चालते पण अडखळते, चित्र उड्या मारतं आणि आवाज पुढे पळतो, असं असेल तर कोडेक आहे. मशीनची दमछाक होते आहे. सिस्टिम मॉनिटर उघडून प्रोसेसरचा आकडा पाहा. ४के आकाराची एच.२६५ फाइल चालवताना सगळे कोर वरच्या टोकाला टेकले असतील, तर ग्राफिक्स चिप हे काम उचलत नाहीये, सगळा भार प्रोसेसरवर पडला आहे. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ड्रायव्हर मॅनेजर उघडून तिथे ‘रेकमेंडेड’ लिहिलेला ड्रायव्हर लावा. फार जुनी चिप असेल तर तिच्यात एच.२६५ उलगडण्याची सोयच नसते. मग लहान आकाराची फाइल घेणं हाच इलाज.

फक्त ब्राउझरमधली पैसे भरून घेतलेली चित्रपट-सेवाच चालत नसेल, तर त्याचा कोडेक्सशी संबंध नाही. तो डीआरएमचा, म्हणजे नक्कल रोखायला लावलेल्या कुलपाचा, प्रश्न. फायरफॉक्सच्या सेटिंगमध्ये ‘जनरल’ पानावर ‘प्ले डीआरएम-कंट्रोल्ड कंटेंट’ समोर टिक करा, मिनिटभर थांबा, ब्राउझर बंद करून उघडा. यासाठी लोकांनी अख्खी प्रणाली पुन्हा बसवलेली पाहिली आहे.

## ५. सॉफ्टवेअर: कुठून घ्यायचं ते आधी ठरवा

दारांचा क्रम असा: पहिलं, सॉफ्टवेअर मॅनेजरमधलं सिस्टिम पॅकेज. दुसरं, त्याच सॉफ्टवेअर मॅनेजरमधलं फ्लॅटपॅक, म्हणजे लागणारं सगळं सोबत घेऊन येणारं पॅकेज. तिसरं, बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरची डेब फाइल, म्हणजे सुटी उतरवायची पॅकेजची फाइल. आणि अगदीच गरज पडली तर पीपीए, म्हणजे कुणी बाहेरच्याने उबुंटूसाठी चालवलेलं पॅकेजांचं भांडार. खाली जाल तशी सोय कमी होते आणि जबाबदारी तुमच्यावर येते.

सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये प्रोग्रॅम उघडला की नावाजवळ छोटी यादी असते. तीत ‘सिस्टिम पॅकेज’ आणि ‘फ्लॅटपॅक’ असे पर्याय येतात. नवशिके तिकडे बघतच नाहीत, आणि इथेच पुढच्या अर्ध्या अडचणींचं बीज पडतं.

सिस्टिम पॅकेज आकाराने लहान असतं, झटकन बसतं, प्रणालीतले कोडेक्स आणि फॉन्ट सरळ वापरतं. उणीव एकच: आवृत्ती जुनी असते. पायाच दीर्घकाळ टिकणाऱ्या उबुंटूचा असल्यामुळे सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहतात, पण नव्या सोयी येत नाहीत. फोटो सुधारायचं जिंप घ्या. त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली, पण मिंट २२ च्या सिस्टिम पॅकेजमध्ये २.१० मालिकाच आहे. तुम्हाला ३ हवं असेल तर फ्लॅटपॅककडे वळणं योग्य. फोटोची कड कापायची असेल तर २.१० भरपूर झालं.

फ्लॅटपॅक आपला संसार बरोबर घेऊन येतं. पहिलं फ्लॅटपॅक बसवताना ५०-१०० एमबीच्या प्रोग्रॅमसाठी एक जीबीच्या आसपास डाउनलोड दिसलं तर दचकू नका. खालचा पाया, म्हणजे रनटाइम, पहिल्यांदा उतरतो आणि पुढचे अनेक प्रोग्रॅम तोच वापरतात. नेट मोजून-मापून असेल तर मात्र हे आधी लक्षात घ्या.

या संसाराचा दुसरा परिणाम कोडेक्सवर होतो. चौथ्या टप्प्यात बसवलेले कोडेक्स प्रणालीचे. फ्लॅटपॅक प्रोग्रॅम त्यांच्याकडे पाहतही नाही, तो आपल्या रनटाइमसोबत आलेले वापरतो. म्हणून फ्लॅटपॅक प्लेअरमध्ये फाइल चालली नाही तर प्रणालीचे कोडेक्स पुन्हा-पुन्हा बसवण्यात अर्थ नाही. अपडेट मॅनेजरमधून फ्लॅटपॅकची अपडेट्स घ्या. तेवढ्यानेही भागलं नाही तर त्याच प्लेअरचं सिस्टिम पॅकेज वापरून पाहा.

तिसरी गंमत परवानग्यांची. फ्लॅटपॅकला कुंपण असतं. बाहेरच्या हार्डडिस्कवरचं फोल्डर त्याला दिसत नाही आणि माणूस समजतो डिस्क बिघडली. फ्लॅटसील नावाचा छोटा प्रोग्रॅम बसवा, त्यात तो ॲप निवडा, ‘फाइलसिस्टिम’ भागात हवं ते फोल्डर जोडा, ॲप बंद करून उघडा.

माझी स्वतःची पद्धत ढोबळ आहे. प्रिंटर, स्कॅनर, व्हीपीएन, फाइलींची साफसफाई करणारी साधनं, व्हीएलसी यांसाठी सिस्टिम पॅकेज. सतत नवं काहीतरी येत राहणारी मोठी सर्जनशील कामांची सॉफ्टवेअर, म्हणजे जिंप, केडेनलाइव्ह, ब्लेंडर यांच्यासाठी फ्लॅटपॅक. नियम नव्हे, पण आजवर फारसा पस्तावलेलो नाही.

शोधलेला प्रोग्रॅम दिसतच नसेल तर एक कारण असं असू शकतं की तो ‘अनव्हेरिफाइड’ फ्लॅटपॅक आहे. मिंट २२ पासून असे प्रोग्रॅम मुळात लपवलेले असतात, कारण ते मूळ बनवणाऱ्याने टाकलेत याची खात्री झालेली नसते. सॉफ्टवेअर मॅनेजरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ते दाखवायचा पर्याय आहे. पासवर्ड किंवा पैशांचा व्यवहार हाताळणारं सॉफ्टवेअर असं घेऊ नका, एवढं पथ्य पाळा.

उबुंटूसाठीच्या सूचनांमध्ये ‘स्नॅप’ची, म्हणजे उबुंटूच्या फ्लॅटपॅकसारख्या यंत्रणेची, आज्ञा येते. मिंटने २०२० च्या २० व्या आवृत्तीपासून ती यंत्रणा मुद्दाम अडवली आहे. आज्ञा चालली नाही म्हणजे तुमचं काही चुकलं नाही. तोच प्रोग्रॅम फ्लॅटपॅकमध्ये शोधा.

तपासा: बसवून झाल्यावर मेनूत नाव टाका. एकच चित्र दिसायला हवं. दोन व्हीएलसी दिसत असतील तर तुम्ही दोन दारांतून आणले आहेत. एक आजच काढा. दोघांच्या सेटिंग वेगळ्या जागी राहतात, आणि महिन्याभराने ‘कालचं सेटिंग आज गेलं’ अशी तक्रार इथूनच येते.

## ६. डेब फाइल आणि पीपीए

डेब फाइल फक्त बनवणाऱ्याच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्या. उतरवताना दोन-तीन नावं समोर येतात. ‘एएमडी६४’ लिहिलेली घ्या, इंटेलचा प्रोसेसर असला तरी. ते ६४ बिटच्या रचनेचं नाव आहे, कंपनीचं नव्हे. इंटेलवाले नेमके तिथे अडखळून ‘एआरएम६४’ उतरवतात आणि चुकीच्या आर्किटेक्चरची तक्रार पदरी घेतात.

उतरलेल्या फाइलवर दोनदा क्लिक करा. मिंट २२ मध्ये ‘कॅप्टन’ नावाची खिडकी उघडते, आधीच्या आवृत्त्यांत ‘जीडेबी’ होती. ती सोबत काय काय बसणार ते सांगते. गूगल क्रोमसारख्या काही डेब फाइली स्वतःचं भांडार जोडून घेतात, त्यामुळे पुढची अपडेट्स ढालीतूनच येतात. बाकीच्यांची नवी फाइल तुम्हालाच आठवणीने आणावी लागते.

पीपीएबद्दल थोडक्यात: गरज नसेल तर नकोच. घ्यायचंच असेल तर ते तुमच्या पायाच्या उबुंटूसाठी आहे का ते पाहा. मिंट २२ साठी २४.०४, टोपणनाव ‘नोबल’. आणि मिंटच्या पुढच्या मोठ्या आवृत्तीवर जाण्याआधी ‘सॉफ्टवेअर सोर्सेस’ मधून ते काढा. तिथेच ‘मेंटेनन्स’ पानावर परक्या पॅकेजांना मूळ आवृत्तीवर आणण्याची सोय आहे.

## ७. टर्मिनल वापरायचंच असेल तर

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर अक्षरं उमटत नाहीत, मिंटवर फक्त तारांकनं दिसतात. कीबोर्ड ठीक आहे. पूर्ण टाइप करून एंटर दाबा. चिकटवायला कंट्रोल, शिफ्ट आणि व्ही. नुसतं कंट्रोल आणि सी दाबलं तर कॉपी होत नाही, चालू काम थांबतं.

सुडो ॲप्ट अपडेट काहीही बसवत नाही, फक्त यादी ताजी करते. बसवण्याआधी ती एकदा चालवायची. मग सुडो ॲप्ट इन्स्टॉल आणि पॅकेजचं नाव. त्यानंतर येणारा मजकूर वाचा. विशेषतः ‘विल बी रिमूव्ह्ड’ असं लिहिलेली ओळ. नवं काहीतरी बसवायला निघालो आणि त्या ओळीत डेस्कटॉपची पॅकेजं दिसली, तर उत्तर ‘एन’. २०२१ मध्ये पॉप ओएस या दुसऱ्या लिनक्सवर पॅकेजांतल्या एका गडबडीमुळे स्टीम हे गेमचं ॲप बसवताना अख्खा डेस्कटॉपच उडाला होता. टर्मिनलने धोक्याची सूचना दिली होती, खात्रीसाठी पूर्ण वाक्य टाइप करायलाही लावलं होतं. ते टाइप केलं गेलं.

## ८. अडलं तर

‘कुड नॉट गेट लॉक’. दुसरा कुणीतरी पॅकेजांवर काम करतो आहे, बऱ्याचदा पार्श्वभूमीला चालणारं अपडेट. पाच-दहा मिनिटं थांबा. तरी जात नसेल तर रीस्टार्ट करा. कुलपाची फाइल पुसून टाका, असा सल्ला बरेचदा मिळतो. काम खरंच चालू असेल तर त्याने पॅकेजांची नोंदवही बिघडते.

‘डीपीकेजी वॉज इंटरप्टेड’. मध्येच वीज गेली किंवा खिडकी बंद झाली की हे येतं. टर्मिनलमध्ये सुडो, मग डी-पी-के-जी, जागा सोडून दोन आडव्या रेघांना लागून कॉन्फिगर, पुन्हा जागा सोडून एक आडवी रेघ आणि तिला लागून ए. अर्धवट राहिलेलं काम तो पूर्ण करतो.

अवलंबित पॅकेजं तुटली. सुडो ॲप्ट इन्स्टॉल, मग एक आडवी रेघ आणि तिला लागून एफ. पुन्हा तेच: काढून टाकायची यादी वाचल्याशिवाय होकार नाही.

‘हॅश सम मिसमॅच’. मिररवरची प्रत अर्धवट अद्ययावत झाली आहे. थोड्या वेळाने करा किंवा तिसऱ्या टप्प्यातून दुसरा मिरर निवडा.

‘अनेबल टू लोकेट पॅकेज’. दहापैकी नऊ वेळा नावातलं एखादं अक्षर चुकलेलं असतं. उरलेल्या वेळी यादी ताजी केलेली नसते.

यातलं काहीच लागू पडलं नाही आणि प्रणाली आणखी विचित्र वागायला लागली, तर प्रयोग थांबवा. टाइमशिफ्ट उघडा, दुसऱ्या टप्प्यातली ओळ निवडा, ‘रिस्टोअर’ दाबा. डेस्कटॉपच येत नसेल तर मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून तिथल्या टाइमशिफ्टमधून हेच करता येतं. म्हणून तो पेनड्राइव्ह लगेच पुसून गाणी भरायला वापरू नका.

## ९. नको असलेलं काढणं

सिनॅमनच्या मेनूत प्रोग्रॅमच्या चित्रावर उजवं क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’. फ्लॅटपॅक काढल्यावर त्याचा रनटाइम मागे राहू शकतो. फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल, मग दोन आडव्या रेघांना लागून अनयूज्ड, ही आज्ञा बिनवापराचे पाये काढते. फ्लॅटपॅकच्या सेटिंग होम फोल्डरात डॉट-व्हार आणि त्याखाली ॲप या फोल्डरात राहतात. प्रोग्रॅम पुन्हा बसवूनही तोच बिघाड परत येत असेल तर तिथलं त्याच्या नावाचं फोल्डर आधी दुसरीकडे हलवून पाहा. आणि साफसफाईच्या उत्साहात मिंट-मेटा-कोडेक्सला हात लावू नका. ते नाव एवढंसं दिसतं, पण त्याच्यामागे आलेली पॅकेजं मग ‘आता गरज नाही’ या यादीत जातात, पुढच्या साफसफाईत निघून जातात आणि आठवड्याने पुन्हा फोन येतो: आवाज येतो, चित्र नाही.